पुंडलिक मुलगा होता, बरं का!

मैत्रिणींनो, आषाढ लागला की आपल्या बायकांत एक प्रश्न हमखास फिरू लागतो : "यंदा चातुर्मासाचा काय नेम धरलास?" कुणी एकभुक्त राहते, कुणी कांदा-लसूण सोडते, कुणी लाख वाती वळायला घेते, तर कुणी रोज देवाला प्रदक्षिणा घालायचं ठरवते. आणि अशा चारजणी जमल्या की त्यांतली एक तरी सुस्कारा सोडून म्हणतेच, "मला मेलीला कुठला वेळ देवाचं करायला! सकाळी पाचाला उठते ती रात्री अकराला पाठ टेकते." मग दुसरी तिची समजूत घालते, "अगं, संसार हीच बाईची पूजा!"

हे वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. तुम्हीही ऐकलं असेल, कुणाला तरी ऐकवलंही असेल. मोठं गोड वाक्य आहे. दमल्या जिवाला ऐकताना बरंही वाटतं. पण त्यात खरं किती आणि सोयीचं किती, हे तांदळासारखं निवडून बघायची वेळ माझ्यावर आली ती २०१६ साली. त्याचीच ही हकीकत.

आम्ही बार्शीचे. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. आषाढी-कार्तिकी त्यांनी सहसा चुकवली नाही. पूर्वी बार्शी लाईट रेल्वेची ती छोटीशी गाडी होती ना, तिच्यातून गर्दीत उभ्यानं पंढरपूर गाठल्याच्या गोष्टी त्या आम्हाला रंगवून सांगत. घरात देवघरही मोठं. पूजा आमच्या ह्यांच्याकडे आणि पूजेची तयारी माझ्याकडे. तयारी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नकोच. उपकरणी घासायची, फुलं-दुर्वा निवडायच्या, वाती करायच्या, गंध उगाळायचं, नैवेद्याचं सोवळ्यात करायचं. हे सगळं झालं की ह्यांनी पाटावर बसायचं. तासभर शांतपणे पूजा चाले. माझा स्वतःचा असा एकच नेम होता : ह्यांची पूजा आटोपली की त्याच पाटावर बसून विष्णुसहस्रनाम म्हणायचं. अर्धा तास लागतो. दिवसाच्या चोवीस तासांतला तेवढाच अर्धा तास माझा.

त्या वर्षी श्रावणात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. पंधरा दिवसांनी दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवून एकेक गोष्ट सांगितली. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. नाहीतर पाठीला, कमरेला, टाचांना जखमा होतात. चादर कोरडी हवी आणि तिला सुरकुती नको. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटऱ्यांखाली मऊ उशी द्यायची. आडवं ठेवून काही भरवायचं नाही. नीट बसतं करून, घोट घोट, नाहीतर ठसका लागून अन्न छातीत उतरतं. हे सगळं डॉक्टर माझ्याकडे बघून सांगत होते. शेजारी हेही उभे होते. पण ह्यांच्याकडे त्यांनी फक्त औषधांची चिठ्ठी दिली.

पुढचे महिने कसे गेले, ते ज्यांनी असं आजारपण घरात काढलं आहे त्यांना न सांगताच कळेल. मी आंघोळ करून, सोवळं नेसून नैवेद्याला लागावं आणि आतल्या खोलीतून हाक यावी. अंथरूण ओलं झालेलं. ते बदलायचं, त्यांना पुसून कोरडं करायचं, पावडर लावायची, पुन्हा आंघोळ, पुन्हा सोवळं. एका सोमवारी तर माझ्या चार आंघोळी झाल्या! सहस्रनाम कधीच मागे पडलं होतं. आणि देवघरातून घंटेबरोबर आवाज यायचा, "अगं, आई हाक मारतेय बघ!"

ह्यांना दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. आमचे हे शांत स्वभावाचे, निर्व्यसनी, आईवर जीव असलेले. पण आईचं करायचं ते बायकोनं, आणि देवाचं करायचं ते आपण, ही वाटणी कुणी केली होती? आम्ही दोघांनीही केली नव्हती. ती आयतीच चालत आली होती.

भेटायला येणारी माणसं मला म्हणत, "पुण्यवान आहेस हो! तुझा विठ्ठल घरातच खाटेवर निजलाय." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी असे. आणि ह्यांना काय म्हणत ठाऊक आहे? "नशीबवान आहात, अशी बायको मिळाली!" म्हणजे पुण्य माझं आणि नशीब ह्यांचं. इतक्या माणसांत एकानंही ह्यांना असं म्हटलं नाही, की अहो, तुमचाही विठ्ठल खाटेवर आहे!

दुपारी जरा निवांत मिळे तेव्हा मी सासूबाईंच्या उशाशी बसून पोथी वाचत असे. बोलता येत नव्हतं, पण ऐकणं शाबूत होतं. त्यांच्या सगळ्या कथा पाठ. मी एखादा शब्द गाळला तर डावा हात हलवून खूण करायच्या. अशीच एकदा पुंडलिकाची कथा निघाली.

तुम्ही म्हणाल, ती काय सांगायची, लहान पोरांनाही ठाऊक आहे. पण ती आपल्याला पुष्कळदा अर्धीच सांगतात. पुंडलिक काही जन्मापासून आईबापांचा भक्त नव्हता. काशीयात्रेला निघाला तेव्हा म्हाताऱ्या आईबापांना पायी चालवत होता, त्यांचे हाल करत होता. वाटेत कुक्कुटमुनींच्या आश्रमात मुक्काम पडला. मुनींना काशीची वाटसुद्धा माहीत नव्हती. पण पहाटे पुंडलिकानं पाहिलं, मळक्या वस्त्रांच्या तीन स्त्रिया आल्या, त्यांनी आश्रम झाडला, सडासंमार्जन केलं, आणि जाताना त्या लखलखीत होऊन गेल्या. त्या होत्या गंगा, यमुना आणि सरस्वती. लोकांची पापं धुऊन मळलेल्या नद्या त्या आश्रमात शुद्ध व्हायला येत, कारण तो मुनी आईबापांची सेवा करत होता. ते पाहून पुंडलिक बदलला. मग तो पंढरीला आईवडिलांचे पाय चेपत असताना खुद्द देव दारात आला. पुंडलिकानं मागे न वळता वीट भिरकावली : यावर उभा राहा, हातातलं काम झालं की येतो. देव त्या विटेवर उभा राहिला, तो अजून उभाच आहे कमरेवर हात ठेवून.

ही कथा मी किती वेळा वाचली, ऐकली असेल! पण त्या दुपारी वाचता वाचता मी थांबले. पुंडलिक मुलगा होता, बरं का! सून नव्हता. आणि त्याच्या घरी बायको होती. काशीच्या वाटेवर ती त्याच्याबरोबर असल्याचं कथेतच आहे. दारात प्रत्यक्ष देव उभा. काम दुसऱ्यावर सोपवायला याहून मोठं निमित्त जगात कुणाला मिळालं आहे का? "अगं, तू बस जरा आईच्या पायाशी, देव आलाय," एवढं म्हटलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण तसं तो म्हणाला नाही. आईबाप त्याचे होते, पाय चेपणारे हातही त्याचेच राहिले. आणि देवाला त्याचा राग आला नाही. उलट, तो तिथेच राहिला. आज पंढरपुरात चंद्रभागेच्या पात्रात पुंडलिकाचं देऊळ आहे, आणि आधी त्याचं दर्शन, मग विठोबाचं, असा रिवाज वारकरी पाळतात.

मग मला अशा गोष्टी आठवायचा नादच लागला. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला एक कथा सांगतात. कौशिक नावाचा एक तपस्वी झाडाखाली बसला असताना वरून एका बगळीची शीट त्याच्या अंगावर पडली. त्यानं रागानं वर पाहिलं, तशी ती बिचारी मरून खाली पडली. पुढे तो एका घरी भिक्षा मागायला गेला. घरातली बाई म्हणाली, थांबा. तेवढ्यात तिचा नवरा भुकेला घरी आला. त्याचं खाणंपिणं बघून मग ती भिक्षा घेऊन आली. कौशिक लालबुंद झालेला! ती शांतपणे म्हणाली की मी काही ती बगळी नव्हे. घराबाहेर न पडलेल्या बाईला रानातली गोष्ट कळली कशी, म्हणून तो चकित झाला. तिनं त्याला राग आवरायला सांगितलं आणि म्हणाली, धर्म कळायला हवा असेल तर मिथिलेला जा, तिथल्या व्याधाला विचार.

आपल्याला ही कथा इथपर्यंतच सांगतात, आणि तात्पर्य काढतात : पाहा, नवऱ्याच्या सेवेनं बाईला केवढी सिद्धी मिळाली! पण कथा पुढे आहे की. कौशिक मिथिलेला जातो. तो व्याध मांस विकणारा. दुकान आटोपून तो कौशिकाला घरी नेतो आणि आपले म्हातारे आईबाप दाखवतो. हेच माझे देव, म्हणतो. आणि मग कौशिकाला त्याचंच घर दाखवतो : तू वेद शिकायला म्हणून आईबापांना न विचारता घर सोडलंस, तुझ्या दुःखानं ते आंधळे झालेत, आधी घरी जा, त्यांची सेवा कर. आणि तो तपस्वी मुकाट्यानं घरी जातो.

पाहिलंत? कथेचा शेवट एका मुलाला घरी पाठवण्यात आहे. एक गृहिणी त्याची पहिली गुरू, एक मांसविक्या दुसरा, आणि दोघांनी मिळून त्याला जिथून पळाला तिथे नेऊन सोडला. त्या बाईचं नाव मात्र महाभारतानं सांगितलेलं नाही.

आपले संत पाहा. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचा सावता माळी आपला मळा सोडून पंढरीला गेला नाही, देवच त्याच्या मळ्यात आला, असं म्हणतात. गंगाखेडची जनी नामदेवांच्या घरी दळण-कांडण करी, शेण्या वेची. पंढरपूरजवळ गोपाळपूरच्या देवळात जनाबाईचं म्हणून एक जातं दाखवतात. या जनीच्या आख्यायिका आपण नीट ऐकतो का? जनी दळते म्हणून देव लांबून प्रसन्न होतो, असं त्यांत नाही. देव येऊन जात्याचा खुंटा धरतो, पाणी भरतो, तिच्या केसांतल्या उवासुद्धा काढतो! काम हीच पूजा, असं देवानं तिला नुसतं सांगितलं नाही. त्यानं बाह्या वर सारल्या. जगाच्या मालकाला दळण दळताना कमीपणा वाटला नाही, तर आमच्या घरातल्या मालकांना का वाटावा?

आणि आमच्या बार्शीपासून जवळच असलेल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा. बायको पाण्याला जाताना सांगून गेली, मुलाकडे लक्ष ठेवा. काका नामात रंगले, चिखल तुडवता तुडवता रांगतं बाळ पायाखाली आलं तरी कळलं नाही. पुढे देवाच्या कृपेनं बाळ परत मिळालं, अशी कथा आहे. कीर्तनकार काकांची तल्लीनता वर्णन करतात, माना डोलतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ती घागर घेऊन दारात उभी राहिलेली आई येते. तिनं एवढंच मागितलं होतं, की घटकाभर लक्ष ठेवा. गोरोबाकाकांची थोरवी मला मान्य आहे, मी तिथे डोकं टेकवून आले आहे. पण ती कथा आपल्या पूर्वजांनी लपवली नाही, बाईचा आक्रोश गाळला नाही, हेही मला तेवढंच मोठं वाटतं.

संत बहिणाबाईंचं तर आयुष्यच या ओढाताणीत गेलं. त्यांचा काळ १६२८ ते १७००. अगदी लहानपणी तिशीतल्या बिजवराशी लग्न झालं. त्यांनी तुकोबांना गुरू मानलं म्हणून नवऱ्यानं मारहाण केली. हे सगळं त्यांनी स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलं आहे. पतीची सेवा करायची की देवाची वाट धरायची, या विचारानं त्या तळमळल्या. नवरा आजारी पडला तेव्हा त्याची शुश्रूषा केली, पण तुकोबांनाही सोडलं नाही. शेवटी नवराच बदलला आणि सगळे देहूला गेले. संसार हीच पूजा, एवढं सोपं असतं, तर या थोर बाईला तळमळण्याचं कारण काय होतं?

विचार करता करता माझ्यापुरतं मला एक उत्तर मिळालं, आणि ते आपल्या रोजच्या पूजेतच होतं. पूजेला बसल्यावर आधी काय करतात? संकल्प. आपलं नाव-गोत्र उच्चारून, पळीभर पाणी हातावरून ताम्हनात सोडून, मी ही पूजा करीन असं म्हणायचं. ज्याची पूजा, त्याचा संकल्प. सेवेचंही तसंच असावं. सासूबाईंची वेणी घालताना, त्यांना मऊ भात भरवताना माझं मन ज्या दिवशी त्यांच्यापाशी असे त्या दिवशी ती पूजाच होती. सहस्रनाम न म्हटल्याची रुखरुख लागत नसे. पण ज्या दिवशी कंबर मोडलेली, झोप नाही, आणि घंटेमागून "बघ गं" ऐकू येई, त्या दिवशी ती नुसती धुणी होती. दुसऱ्यानं परस्पर माझ्या नावानं सोडलेल्या पाण्याला मी संकल्प कसा म्हणू? गीतेच्या अठराव्या अध्यायात आपल्या कर्मानं ईश्वराची पूजा करावी असं सांगितलं आहे, ते माणसाला सांगितलं आहे. एकट्या बाईला नाही.

हे मी ह्यांना कसं सांगितलं, ते ऐका. भांडले नाही. एका एकादशीला रात्री ह्यांना म्हटलं, "दुपारी पोथीत पुंडलिकाची कथा आली. जरा वाचून दाखवता का आईंना? माझे डोळे दुखतायत." ह्यांनी वाचली. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "अहो, मला एक सांगा, पुंडलिकाच्या बायकोला तेव्हा काय काम होतं हो?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोथी कपाळाला लावली, बांधून ठेवली. बोलले काहीच नाहीत. दोन दिवस तसेच गेले. मग एका पहाटे मला जाग आली तर चक्क उजाडलेलं! रात्री दोनचा गजर मला ऐकूच आला नव्हता, कारण घड्याळ ह्यांच्या उशाशी होतं.

लगेच सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. पहिली हरकत सासूबाईंचीच. मुलानं अंगाला हात लावायचा म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले, डाव्या हातानं पदर घट्ट धरून ठेवला. तो संकोच मी मोडू दिला नाही. म्हाताऱ्या माणसाची अब्रू ही औषधाइतकीच जपायची गोष्ट आहे. तेव्हा आम्ही वाटणी केली. आंघोळ आणि कपडे मी आणि कामाला ठेवलेल्या एक मावशी मिळून करायच्या. उचलणं, कूस बदलणं, सकाळची पेज भरवणं, रात्रीचं सगळं, नखं काढणं, पायांना तेल लावणं ह्यांच्याकडे. महिन्यातून दोन रविवार नणंदबाई येऊन राहत. माझा मुलगा आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवी. पहिल्यांदा पायांना तेल लावताना हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आईच्या टाचांना केवढ्या भेगा आहेत गं! मला माहीतच नव्हतं." वारीत चाललेले पाय होते ते.

देवपूजेचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. ती लहान झाली. शास्त्रात सोळा उपचारांची पूजा आहे तशी पाच उपचारांचीही आहे. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य झाले की पूजा पूर्ण. तेवढीही जमत नसेल तर मानसपूजा आहे. पान, फूल, फळ नाहीतर नुसतं पाणी भक्तीनं दिलं तरी मी घेतो, असं गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतच म्हणतात. आपल्या धर्मानं अडल्या-नडल्यासाठी एवढी दारं उघडी ठेवली आहेत, आणि आपण मात्र एकाच दाराशी ताटकळत बसतो. रोजचं कडक सोवळं आम्ही सणावारापुरतं ठेवलं. तयारीही ज्याची पूजा त्यानंच करायची ठरली. गंध उगाळायला किती वेळ लागतो, ते ह्यांना वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं!

आणि माझा अर्धा तास मला परत मिळाला, संध्याकाळी दिवेलागणीला. पहिले आठ दिवस, खरं सांगते, मी देवघरापुढे बसल्या बसल्या चक्क पेंगले. भगवंतानं ती झोपसुद्धा गोड मानून घेतली असेल. नवव्या दिवशी सहस्रनाम पूर्ण झालं. आतून सासूबाईंच्या डाव्या हाताची टाळी ऐकू आली. म्हणजे खाटेच्या कडेवर थाप. त्या ताल धरत होत्या.

२०१९ च्या कार्तिकात त्या गेल्या. पाठीला एकही जखम नव्हती. याचं श्रेय चार माणसांच्या हातांना आहे. एका सुनेच्या पुण्याईनं ते झालं नसतं.

आता थोडं व्यवहाराचं, कारण भक्तीच्या गोष्टी पोटभर ऐकून उठलं की कामं जिथल्या तिथेच असतात. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आपल्याकडे २००७ साली झाला. म्हाताऱ्या आईबापांचा सांभाळ कुणी करायचा, हे सांगताना त्यानं 'अपत्य' या शब्दात मुलगा, मुलगी, नातू, नात यांची नावं घेतली. त्या व्याख्येत सुनेचं नाव नाही. याचा अर्थ सुनेनं हात झटकावेत असा मुळीच नाही. आपण माणसं आहोत, एका ताटात जेवतो. पण जे कायद्याला दिसलं आणि पुंडलिकाच्या कथेत तर केव्हापासूनच आहे, ते घरातल्या माणसांना दाखवून द्यायला आपण का लाजावं?

तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर एक करा. एक कागद घ्या आणि दिवसभराची कामं वेळेसकट लिहून काढा. दर दोन तासांच्या कुशी, भरवणं, औषधं, धुणं, रात्रीचं उठणं, सगळं. मोघम "मदत करा हो" म्हटलं तर पुरुषमाणसांना काही सुचत नाही. "रात्री दोनची आणि चारची कूस तुमची" म्हटलं की कळतं. जड माणसाला एकटीनं उचलू नका, तुमच्या कमरेचं दुखणं जन्मभर राहील. मुलांना लहान कामं द्या. आजोबांना पाणी देणारा मुलगा उद्या बापालाही देईल. मुलीलाच तेवढी हाक मारू नका, मुलालाही मारा. आणि त्या कागदावर अर्धा तास तुमच्या नावानं लिहा. त्यात जप करा, पोथी वाचा, नाहीतर नुसत्या डोळे मिटून बसा. त्या वेळात कुणी हाक मारली, तर घरात दुसरं माणूस आहे ना, ते उठेल.

आणि पुढच्या वेळी कुणी प्रेमानं म्हणालं, "बाईचा संसार हीच तिची पूजा," तर रागावू नका. हसून म्हणा, "खरं आहे हो. पण पूजेला जोडीनं बसायची आपल्याकडे रीत आहे. ह्यांचाही पाट मांडते!"